रस्त्यावर सर्वांना बोलावणारा माणूस



गेले काही महिने तुमच्या पत्रांतून एक तक्रार वारंवार येते आहे. डॉक्टर बजावून सांगतात, ‘रोज तासभर चाला.’ कुणाची साखर वाढलेली असते, कुणाचे गुडघे कुरकुरत असतात, कुणाचा वजनकाटा पुढे सरकलेला असतो. बूटसुद्धा आणून ठेवलेले असतात. पण पाऊल काही उंबऱ्याबाहेर पडत नाही. ‘एकटीनं रस्त्यावरून भराभरा चालायची लाज वाटते हो ताई,’ असं एकीनं मोकळेपणानं लिहिलंय. कोपऱ्यावरची पोरं टक लावून बघतात, शेजारच्या काकू ‘आज इतक्या सकाळी कुठं निघाली स्वारी?’ म्हणून हटकतात, आणि घरी यावं तर सगळ्यांचा चहा खोळंबलेला!

पायांचे व्यायाम आणि बुटांची निवड यांवर या सदरात पूर्वी बरंच लिहून झालंय. लाजेवर मात्र पुस्तकी उपाय नाही. म्हणून या खेपेला सूचना शेवटी ठेवते आणि आधी एका माणसाची गोष्ट सांगते. हा माणूस आपल्या गावचा नाही, देशाचाही नाही. पण रस्त्यावर येऊन चालण्या-धावण्याची लाज हजारो साध्या माणसांच्या, आणि विशेषतः बायकांच्या मनातून काढायला ज्यांनी हातभार लावला, त्यांत त्याचं नाव बरंच वर लागतं. त्याचं नाव फ्रेड लेबो.

लेबो मूळचे रुमानियातले. १९३२ साली अराद नावाच्या गावी एका सनातनी ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरातलं नाव फिशेल लेबोविट्झ. ज्यूंच्या वाट्याला त्या काळी युरोपात काय आलं, ते आपण वाचलेलं आहे. महायुद्धातून ते वाचले, पण घर विखुरलं. देशोदेशी फिरत तरुणपणी ते अमेरिकेत पोचले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये कपड्यांच्या धंद्यात स्थिरावले. धंदाही आपल्याला चटकन कळेल असाच. मोठ्या फॅशनवाल्यांनी महागडे कपडे काढले, की त्याच नमुन्याबरहुकूम, साध्या कापडात, बेताच्या किमतीत ते विकायला आणायचे. जे चार श्रीमंत बायकांना मिळतं ते दहाजणींना परवडलं पाहिजे, हा व्यापाऱ्याचा हिशेब. पुढे शर्यतीच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं, असं मला वाटतं.

धावणं त्यांच्याकडे आलं तेही आडवाटेनं. टेनिस खेळताना दम लागायचा, म्हणून ते धावायला लागले. तेव्हा वय झालं होतं पस्तिशीच्या पुढं. टेनिस राहिलं बाजूला, आणि धावण्याचं वेडच लागलं. त्या काळी अमेरिकेतही रस्त्यावरून उगाच धावणारा माणूस म्हणजे लोकांना विक्षिप्त वाटायचा. मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटरांवर आणखी एकशे पंच्याण्णव मीटर. ते काम मोजक्या पट्टीच्या धावपटूंचं, अशी समजूत होती.

१३ सप्टेंबर १९७० या दिवशी लेबो आणि त्यांचे सहकारी व्हिन्स चियापेटा यांनी न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन भरवली. रस्ते अडवायला कोण देणार? म्हणून सेंट्रल पार्क या मोठ्या बागेतच चकरा मारायच्या असं ठरलं. प्रवेश फी एक डॉलर. सगळ्या कार्यक्रमाचा खर्च हजार डॉलरच्या आसपास. बक्षीस म्हणून स्वस्तातली मनगटी घड्याळं, आणि दुसऱ्या खेळांच्या जुन्या स्पर्धांतले कप पुन्हा उपयोगात आणलेले. आपण नाही का, आहेरात आलेला स्टीलचा डबा नवा कागद लावून पुढे देत, त्यातलाच प्रकार! एकशे सत्तावीसजण धावायला उभे राहिले, आणि पंचावन्नजण शेवटपर्यंत पोचले. पहिला आला तो गॅरी मर्की नावाचा अग्निशामक दलातला जवान, आदल्या रात्रीची ड्यूटी करून आलेला. लेबो स्वतःही धावले आणि चार तासांहून थोड्या अधिक वेळात पंचेचाळिसावे आले. त्या एकशे सत्तावीसांत बाई होती एकच, नीना कुसिक. तब्येत बरी नसल्यामुळे तिला शर्यत अर्ध्यात सोडावी लागली.

आता इथं थोडं थांबून त्या काळची बायकांची स्थिती बघायला हवी, म्हणजे पुढची गोष्ट किती मोठी होती ते कळेल. ऑलिंपिकमध्ये १९२८ साली बायकांची आठशे मीटरची शर्यत ठेवली आणि ‘हे त्यांना झेपत नाही’ म्हणून लगेच बंद केली. ती पुन्हा सुरू व्हायला १९६० साल उजाडलं. १९८० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना धावता येणारं सर्वांत लांबचं अंतर होतं दीड किलोमीटर! जास्त धावलं तर गर्भाशय खाली सरकतं, बाई पुरुषी दिसायला लागते, असं शिकली-सवरलेली माणसं गंभीरपणे सांगत असत. १९६७ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर नावाची तरुणी धावत असताना एक अधिकारी मागून आला आणि तिच्या अंगावरचा नंबर ओढून तिला रस्त्यातून बाहेर काढायला निघाला. तो फोटो जगभर गाजला. घरात चार बादल्या पाणी एका दमात चढवणारी बाई रस्त्यावर धावली की मात्र नाजूक ठरते, ही गंमत तिकडेही होती म्हणायची.

लेबो १९७२ साली ‘न्यूयॉर्क रोड रनर्स’ या मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि पुढं वीसेक वर्षं ते पद त्यांच्याकडे होतं. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी केवळ बायकांसाठी एक शर्यत काढली. तिला पैसे पुरवणारी कंपनी बायकांच्या पायांना लावायचं एक क्रीम विकत होती. त्यांना हवी होती बायकांची मॅरेथॉन, पण बेचाळीस किलोमीटर धावू शकणाऱ्या बायका मिळणार किती? म्हणून अंतर सहा मैलांचं, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर ठेवलं. तेव्हा मिनी स्कर्टची चलती होती, त्यावरून नाव दिलं ‘मिनी मॅरेथॉन’. अठ्ठ्याहत्तरजणी धावल्या. फक्त बायकांची अशी रस्त्यावरची शर्यत त्याआधी ऐकिवात नव्हती. ती शर्यत आजही दर वर्षी भरते आणि हजारो बायका तिच्यात धावतात.

इथं एक गोष्ट लपवून ठेवणं बरं नव्हे. वर्तमानपत्रांत फोटो यावेत म्हणून लेबोंनी त्या शर्यतीच्या सुरुवातीला एका पुरुषी मासिकाच्या क्लबातल्या तोकड्या कपड्यांतल्या मुली आणून उभ्या केल्या होत्या. वाचताना कपाळाला आठी पडतेच. माणूस धंद्यातला होता, जाहिरातबाजीत मुरलेला. प्रसिद्धी मिळते म्हटल्यावर कशालाही हात घालायचा. त्याच्या कामाचं कौतुक करताना हेही सांगायलाच हवं.

पण त्याच साली १ ऑक्टोबरला जे घडलं, तेही ऐका. अमेरिकेतल्या ॲथलेटिक्सच्या मध्यवर्ती संस्थेनं बायकांना मॅरेथॉनमध्ये धावायची परवानगी दिली, पण एक मेख मारून ठेवली. बायकांनी पुरुषांबरोबर निघायचं नाही. त्यांची शर्यत दहा मिनिटं वेगळी सुरू व्हायची. न्यूयॉर्कला बायकांना आधी निघायला सांगितलं होतं. बंदुकीचा बार झाला, आणि सहाही बायका धावायच्या ऐवजी रस्त्यावर मांडी घालून बसल्या. हातांत निषेधाचे फलक. दहा मिनिटं बसून राहिल्या, आणि पुरुषांची वेळ झाल्यावर उठून त्यांच्याबरोबरच धावू लागल्या. त्यांत मागची नीना कुसिक होती, तीन मुलांची आई. शिक्षा म्हणून त्यांच्या वेळेत ती दहा मिनिटं मिळवली गेली. पण फोटो छापून आले, बोभाटा झाला, आणि पुढे तो नियमच गुंडाळावा लागला. या भांडणात लेबो बायकांच्या बाजूनं उभे होते. संयोजक आपल्या पाठीशी आहे म्हटल्यावर बसणाऱ्याला बळ येतं. हळदीकुंकवात कोपऱ्यात बसलेल्या एखादीला यजमानीणबाईनं हात धरून पुढे आणलं, की बाकीच्यांची कुजबुज कशी थांबते, ते आपण पाहिलेलं आहे ना?

१९७६ साली या शर्यतीचं नशीब पालटलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती. न्यूयॉर्क शहर मात्र कर्जात बुडालेलं, आदल्या वर्षी दिवाळं निघता निघता वाचलेलं. जॉर्ज स्पिट्झ नावाच्या एका धावपटूनं सुचवलं की बागेतल्या चकरा सोडा, शहराच्या पाचही भागांतून शर्यत न्या. मॅनहॅटन भागाचे प्रमुख पर्सी सटन यांनी ती कल्पना उचलून धरली. लेबो आधी काकू करत होते, कारण खर्च आणि बंदोबस्त कसा जमायचा हा प्रश्न होता. पण एकदा होकार दिल्यावर मागं वळून पाहिलं नाही. २४ ऑक्टोबरला स्टेटन आयलंडहून निघून ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉन्क्स करत मॅनहॅटनच्या बागेत शेवट. नावनोंदणी झाली दोन हजारांवर. पहिला आला बिल रॉजर्स. तो धावत होता तेवढ्यात त्याची भलत्या जागी लावलेली मोटार पोलिसांनी उचलून नेली, असा किस्सा सांगतात!

त्या दिवसापासून ही शर्यत शहराचा सण होऊन बसली. एरवी एकमेकांच्या मोहल्ल्यात पाऊल न टाकणारी माणसं फुटपाथवर उभं राहून अनोळखी धावणाऱ्यांना पाण्याचे पेले देऊ लागली, नावानं हाका मारून हुरूप देऊ लागली. त्याच १९७६ साली डिक ट्रॉम नावाचे गृहस्थ कृत्रिम पाय लावून ही शर्यत पुरी करून गेले. मात्र चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना लेबोंनी त्या काळात विरोधच केला होता. गर्दीत धोका होईल, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण कोर्टात गेलं. खुर्चीवाल्यांचा स्वतंत्र अधिकृत गट या शर्यतीत सुरू झाला तो २००० साली, लेबोंच्या मागं. दार उघडणाऱ्यालाही सगळी दारं दिसतात असं नाही.

आता मला स्वतःला फार आवडणारी गोष्ट. १९७८ साली नॉर्वेतल्या ऑस्लोच्या एक शाळामास्तरीणबाई, ग्रेटे वाइट्झ, न्यूयॉर्कला यायला निघाल्या. मैदानावरच्या शर्यती त्यांनी गाजवल्या होत्या, पण मॅरेथॉन एकदाही धावल्या नव्हत्या. नवऱ्याचा, जॅकचा, आग्रह पडला, की त्या निमित्तानं न्यूयॉर्क तरी बघून होईल. लेबोंनी बोलावलं ते बाकीच्या बायकांना सुरुवातीला वेग लावून द्यायला. बाई शेवटपर्यंत टिकतील अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. पण बाई धावतच राहिल्या. शेवटचे काही मैल पाय इतके दुखले, की पोचल्याबरोबर बूट काढून त्यांनी नवऱ्याच्या दिशेनं भिरकावले! वेळ झाली होती दोन तास, बत्तीस मिनिटं, तीस सेकंद. बायकांचा जागतिक विक्रम दोन मिनिटांहून अधिक फरकानं मोडला होता. पुढे १९८८ पर्यंत ही शर्यत त्यांनी एकूण नऊ वेळा जिंकली. आणि ज्या ऑलिंपिकला दीड किलोमीटरच्या पुढे बायकांचा भरवसा नव्हता, तिथं १९८४ साली बायकांची मॅरेथॉन सुरू झाली. ग्रेटेबाईंना तिथं रुपेरी पदक मिळालं.

लेबोंचं आयुष्य म्हणजे ही शर्यत झाली होती. अंगात कायम धावायचे कपडे, डोक्यावर टोपी. देशोदेशीच्या एकूण एकोणसत्तर मॅरेथॉन ते धावले. पण स्वतः भरवलेली पाच भागांतली शर्यत काही त्यांना धावता येईना. लग्नघरातल्या यजमानाला पंगतीत बसायला कुठं मिळतं?

१९९० साली त्यांच्या मेंदूत कर्करोग निघाला. डॉक्टरांनी थोड्याच महिन्यांची मुदत दिली होती. उपचारांनी दुखणं काही काळ मागं हटलं, आणि १ नोव्हेंबर १९९२ रोजी, साठाव्या वर्षी, लेबो प्रथमच आपल्या पाच भागांतल्या शर्यतीत धावायला उभे राहिले. बरोबर कोण? ग्रेटेबाई. नऊ वेळा जिंकलेली ही बाई त्यांच्या बाजूनं, त्यांच्या पावलानं, साडेपाच तासांहून अधिक वेळ रस्त्यावर होती. स्वतः जिंकताना लागायच्या वेळेच्या दुपटीहून जास्त. रस्ताभर लोक ‘फ्रेड, फ्रेड’ म्हणून ओरडत होते. दोघांनी बरोबरच शेवटची रेषा ओलांडली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

९ ऑक्टोबर १९९४ रोजी लेबो गेले. पंचविसावी शर्यत चार आठवड्यांवर आली होती. बागेत शेवटच्या रेषेपाशी झालेल्या शोकसभेला हजारो माणसं लोटली. शर्यतीआधी दोन दिवस त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. पुतळ्याचा हात वर आहे, आणि नजर मनगटावरच्या घड्याळाकडे. दर वर्षी मॅरेथॉनच्या वेळी तो पुतळा आपल्या जागेवरून उचलून शर्यत संपते तिथं नेऊन ठेवतात. कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे उभे करणारा ‘फ्रेड्स टीम’ नावाचा धावणाऱ्यांचा गट आजही काम करतो. ग्रेटेबाईंनाही पुढं कर्करोगानंच गाठलं. त्यांनी कर्करोगाच्या रुग्णांना व्यायामाचा आधार मिळावा म्हणून नॉर्वेत संस्था काढली आणि २०११ साली त्या गेल्या. पंचावन्नजणांनी पुरी केलेली ती शर्यत आता पन्नास हजारांहून अधिक माणसं पुरी करतात. आपल्याकडे पुण्याची मॅरेथॉन १९८३ साली आणि मुंबईची २००४ साली सुरू झाली. मुंबईच्या थोड्या अंतराच्या दौडीत नऊवारी नेसून, नाकात नथ घालून निघालेल्या बायका तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील.

हे सगळं वाचून आमचे ‘हे’ म्हणाले, “अगं, पण त्यानं केलं काय? धावले तर लोक!” प्रश्न पुरुषी आहे, पण उत्तर गृहिणीला लगेच सापडतं. घरात मंगळागौर होते तेव्हा खेळतात मुलीच. पण अंगण कुणी सारवलं, सतरंज्या कुणी आणल्या, रात्री चहा किती वेळा ठेवला, घरी जाताना सोबत कुणाची दिली, यावर सगळा रंग ठरतो. लेबोंनी शहराच्या मापाची ही व्यवस्था केली. एकट्या बाईला रस्त्यावर जी लाज वाटते, ती अठ्ठ्याहत्तरजणींत विरून जाते. धीर काही प्रत्येकीनं आपल्या पोटातून काढायला नको. चारचौघींनी मिळून तो उभा करता येतो.

म्हणून आता सूचना. येत्या संक्रांतीच्या सुमाराला आपापल्या कॉलनीत, आळीत एक सकाळ बायकांचं चालणं ठेवून बघा.

अंतर तीन किलोमीटरांहून जास्त नको. रविवार धरा, सकाळी साडेसहाची वेळ. मुख्य रस्त्यानं जायचं असेल तर पोलीस चौकीत आणि नगरपालिकेत पंधरा दिवस आधी अर्ज द्या. गल्लीबोळांतून जाणार असाल तरी कळवून ठेवा. वाटेत दोन ठिकाणी तरी संडासाची सोय हवी. पुरुष संयोजक नेमकं हेच विसरतात! वाटेवरची दोन घरं, एखादी शाळा किंवा देऊळ आधीच विचारून ठेवा. दर किलोमीटरला पिंपभर पाणी आणि धुतलेले स्टीलचे पेले. शेवटी लिंबूपाणी, पण साखर किंवा रक्तदाब असलेल्यांना साधंच पाणी द्या. अगदी उपाशीपोटी कुणी येऊ नये, एखादं केळं खाऊन यावं. छातीत दुखतं, चक्कर येते, अशी तक्रार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. साडी चालेल, सपाता आणि उंच टाचा नकोत. लहान मुलं सांभाळायला त्या दोन तासांसाठी वडीलमंडळींची नेमणूक करा, आणि सकाळचा चहा त्यांनीच करायचा हे आदल्या रात्रीच ठरवून टाका.

फी अकरा रुपये ठेवा, म्हणजे कुणाला जड जाणार नाही. क्रमांक काढू नका. सर्वांत मागं चालणारीबरोबर दोघीजणी शेवटपर्यंत असाव्यात, आणि ती पोचेपर्यंत पाण्याचं पिंप उचलायचं नाही.

आणि एक महत्त्वाचं. यात सवाष्ण, विधवा, नवऱ्यानं टाकलेली, लग्न न झालेली असा भेद चालणार नाही. संक्रांतीच्या दिवसांत वाण द्यायचंच असेल तर तिळाचा लाडू प्रत्येकीच्या हातावर ठेवा. कुणीही दहा मिनिटं मागं थांबायचं नाही. सगळ्याजणींनी एकाच रेषेवरून निघायचं.